घर, इस्पितळ आणि खर्चाची वही

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रायगड किल्ला, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह, सावित्रीचे पूर, हे सारे विषय वाचकांच्या परिचयाचे आहेत. परंतु इतिहास घराच्या माजघरातही घडत असतो आणि त्याची नोंद बखरीत होत नाही, गॅझेटियरमध्येही होत नाही. कुटुंबातील एखाद्या माणसाला मनाच्या गंभीर आजाराने ग्रासले, तर त्याला कोणी सांभाळले, कोठे सांभाळले आणि त्या सांभाळण्याचा खर्च कोणी सोसला, हा असाच एक न लिहिलेला इतिहास आहे.

धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटी घेताना आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ‘फादर, ह्याला घरी ठेवणे परवडेल की इस्पितळात?’ प्रश्न पैशाचा दिसतो, पण त्याचे उत्तर कोणत्या वहीत पाहायचे यावर सारे अवलंबून असते. सरकारच्या वहीत एक आकडा असतो, इस्पितळाच्या वहीत दुसरा, आणि घरातल्या आईजवळ तर वहीच नसते. गेल्या दीडशे वर्षांत हा हिशेब कसकसा मांडला गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात आम्ही घेत आहोत.

चौकीवरून जाणारी वाट

इ. स. १८५८ साली, कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू झाले त्याच वर्षी, हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. भटकणाऱ्या अथवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्या माणसाला पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे, सरकारी डॉक्टरांनी दाखला द्यावा आणि मॅजिस्ट्रेटने त्यास इस्पितळात धाडावे, अशी त्याची रीत होती. १९१२ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तरी वाट बव्हंशी तीच राहिली. आजारी माणसाला डॉक्टरांकडे पोहोचवणारा रस्ता पोलीस चौकीवरून जात असे. ह्या प्रवासात घराची जी अब्रू जाई, ती कोणत्याही वहीत खर्ची पडली नाही; परंतु अनेक घरांनी ती एवढ्या मोलाची मानली की त्यांनी त्या वाटेला जाणेच टाळले.

कोकणाला जवळची इस्पितळे दोन. रत्नागिरीचे १८८६ साली स्थापन झाले आणि नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे ठाण्याचे इस्पितळ १९०१ साली. महाड या दोहोंच्या साधारण मध्यावर पडते. म्हणजे दोन्ही सारखीच दूर. डांबरी रस्ते होण्यापूर्वी मुंबईची वाट बरीचशी पाण्यातून होती. सावित्रीच्या खाडीने दासगाव, पुढे बाणकोट आणि तेथून समुद्रमार्गे मुंबई. पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांतील माणसाला आधी महाड गाठणे हाच एक प्रवास होता. तेव्हा वाडीतील वेडसर माणूस वाडीतच राहिला. भगताकडे नेणे झाले, देवापुढे गाऱ्हाणे घालणे झाले, उतारे झाले. नारळ-कोंबड्यांचा खर्च घराने केला. आजार शांत असेल तर तो माणूस गुरांमागे जाई, लाकडे फोडी, चार घास खाई. आजार उसळला की पडवीतल्या खांबाला दोर बांधला जाई. आम्ही हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्या घराजवळ दुसरा उपायच नव्हता, त्या घराच्या हाती दोर आला, एवढेच इतिहास सांगतो.

दर माणशी सरासरी

सरकारची वही मात्र नीट होती. मुंबई इलाख्यातील वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल निघत आणि त्यांत अन्न, कपडालत्ता, औषधे, नोकरांचे पगार यांवरून दर माणशी सरासरी खर्च काढलेला असे. रुग्णांकडून बागकाम अथवा विणकाम करून घेतले जाई आणि त्याचे उत्पन्नही दाखवले जाई. आजारी माणसाचे श्रम इस्पितळात जमेच्या बाजूला पडले. घरी त्याच्यामागे राबणाऱ्या माणसाचे श्रम मात्र कोणत्याच बाजूला पडले नाहीत. खर्चाची तुलना पुढे शंभर वर्षे चुकत राहिली, तिचे मूळ आमच्या मते येथे आहे.

इस्पितळ सर्वांना फुकट होते, असाही समज आढळतो. तो पूर्णांशाने खरा नाही. १९१२ च्या कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेतून, अथवा त्याला पोसण्यास कायद्याने बांधील असलेल्या माणसाकडून, राहण्याचा खर्च वसूल करण्याची तरतूद होती. ज्याच्यामागे काहीच नाही, त्याचा भार सरकारवर येई.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने आरोग्यव्यवस्थेचा जो अहवाल दिला, त्यात मनोरुग्णालयांचे चित्र विदारक आहे. देशाची लोकसंख्या चाळीस कोटी धरली तर सुमारे ४०,००० माणसांमागे एक खाट. इंग्लंडात त्याच वेळी सुमारे ३०० माणसांमागे एक. कर्नल मूर टेलर यांनी या समितीसाठी इस्पितळे पाहिली, तेव्हा त्यांना बहुतेक ठिकाणी उपचारापेक्षा डांबून ठेवण्याचीच व्यवस्था आढळली. याचा अर्थ असा की ‘घर की इस्पितळ’ हा प्रश्न बहुसंख्य कुटुंबांपुढे कधी उभाच राहिला नव्हता. खाटाच नव्हत्या. घर हे निवडलेले नव्हते, उरलेले होते. आजही महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा म्हणून येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ हे आकडे सांगितले जातात. त्यांची बेरीज सहा हजारांच्या आतच राहते, आणि राज्याची लोकसंख्या अकरा कोटींच्या वर आहे.

औषध आले, तंबू उभे राहिले

या इतिहासाला वळण दिले ते औषधाने. कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधेच्या गुणांविषयी लिहिले होते. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांवर वापरले आणि वर्षानुवर्षे कोठडीत राहिलेली माणसे बोलू लागली. पुढे काही आठवडे परिणाम टिकणारी इंजेक्शनेही निघाली. आता घरी सांभाळणे म्हणजे केवळ सोसणे राहिले नाही. घरी उपचार होऊ शकत होता.

त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णांच्या नातलगांना त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहावयास सांगितले. नातलग रुग्णाजवळ राहिले, आजार समजून घेऊ लागले, आणि माणूस बरा झाला की त्याला बरोबर घेऊन गेले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातही रुग्णासोबत घरच्या माणसाने राहण्याची पद्धत रूढ झाली. पाश्चात्त्य देशांत नातलगाला फाटकाबाहेर ठेवण्याची रीत असताना आपल्याकडे त्याला आत घेतले गेले. यात उदारता होती, तशीच काटकसरही होती, कारण परिचारिकांची उणीव नातलग भरून काढीत होते. तो नातलग आपली शेती किंवा नोकरी सोडून तंबूत राहिला होता, याचा हिशेब तेव्हाही कोणी मांडला नाही.

महाड-पोलादपूरच्या कुटुंबांना या काळात आणखी एक आधार होता, तो मुंबईचा. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. तेथे दाटीवाटीने राहणारे चाकरमानी गावाकडे मनीऑर्डर धाडीत. आजारी माणसाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायचे तर पाठ टेकायला जागा असे आणि रांगेत उभा राहायला चुलतभाऊ असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बसल्या आणि हा आधार ढासळला. मनीऑर्डर थांबली, त्यासोबत औषधाचा खर्चही घराला जड झाला.

तुलना करणाऱ्यांनी काय पाहिले

घरचा आणि इस्पितळाचा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे प्रयत्न जगात साठीच्या दशकापासून सुरू झाले. अमेरिकेत केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे पासामानिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना घरीच औषध आणि परिचारिकेच्या भेटी दिल्या. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, औषध मिळालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्ण इस्पितळाबाहेर राहू शकले. ज्यांना औषधाविना नुसती दिखाऊ गोळी दिली होती, त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांशच. तथापि प्रयोग संपला, भेटी थांबल्या आणि काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा हा लाभ ओसरलेला दिसला. नुसते घर कोणाला बरे करीत नाही. घरी येणारे औषध आणि घरी येणारे माणूस यांमुळे ते शक्य होते.

इंग्लंडात चिचेस्टर व सॅलिसबरी या दोन ठिकाणच्या सेवांची तुलना १९६३ साली प्रसिद्ध झाली. चिचेस्टरला रुग्णांना शक्यतो घरीच ठेवीत, सॅलिसबरीला इस्पितळावर भर होता. घरी ठेवणाऱ्या सेवेत कुटुंबांचा भार तितकासा हलका झाला नाही, असे संशोधकांना आढळले. खाट वाचली, पण तिचे ओझे घराच्या ओसरीवर आले होते.

अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील प्रयोगाचा जमाखर्च १९८० साली मांडला गेला, तो विशेष बोधक आहे. इस्पितळाबाहेर सांभाळण्याचा खर्च इस्पितळापेक्षा थोडा जास्तच, सुमारे दहा टक्क्यांनी अधिक निघाला. मात्र बाहेर राहिलेल्या रुग्णांनी काम करून जी कमाई केली ती दुसऱ्या गटापेक्षा बरीच अधिक होती आणि ती धरता पारडे बाहेरच्या सेवेकडे झुकले. चांगली घरसेवा स्वस्त असतेच असे नाही. ती फळ देते, हे तिचे समर्थन आहे.

आपल्या देशातील पुरावाही आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत पै आणि कपूर यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे दोन गट पाहिले. एका गटाला इस्पितळात दाखल केले. दुसऱ्या गटाच्या घरी प्रशिक्षित परिचारिका जात असे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरच्या गटाची प्रकृती अधिक सुधारली, कुटुंबावरचा भार घटला आणि खर्चही कमी आला. येथेही भेटी देणारी परिचारिका होती, हे विसरता कामा नये. चंदीगडच्या एका अभ्यासात (२००५) बाह्यरुग्ण म्हणून उपचार घेणाऱ्यांच्या वर्षभराच्या खर्चाची फोड केली, तेव्हा एकूण खर्चापैकी सुमारे ६३ टक्के हिस्सा बुडालेली कमाई व तत्सम अप्रत्यक्ष बाबींचा निघाला. औषध, तपासणी आणि प्रवास मिळून उरलेला हिस्सा. म्हणजे पावतीवर दिसणारा खर्च हा खऱ्या खर्चाच्या निम्माही नव्हता.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, मानसिक आजार असलेल्या कुटुंबांना मुख्यतः उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांपायी महिन्याला सुमारे १,००० ते १,५०० रुपये खर्चावे लागत असल्याचे आढळले. गंभीर आजार असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता.

पोलादपूरच्या वाडीचा हिशेब

हे सारे आपल्या डोंगरात आणून पाहू. समजा, पोलादपूर तालुक्यातील एका वाडीतील तरुणाला दरमहा ठाण्याला न्यावे लागते. औषध फुकट मिळते असेच धरू. आदल्या दिवशी निघून दुसऱ्या रात्री परतायचे, म्हणजे दोन दिवस. आजार नवा आणि उसळलेला असेल तर सोबत दोन माणसे लागतात. महिन्याला मजुरीचे चार दिवस गेले, वर्षाला अठ्ठेचाळीस. घरातील एका कर्त्या माणसाचे दीड महिन्याहून अधिक दिवस केवळ येण्याजाण्यात संपले. एस.टी.चे भाडे आणि दोन वेळचे खाणे वेगळे. भातलावणीच्या आषाढात हा प्रवास चुकतो, औषध खंडते, आजार उलटतो आणि मग दाखल करण्याची वेळ येते. तेव्हा इस्पितळाचा खर्च सरकारच्या वहीत दिसतो. तो ज्या चुकलेल्या फेरीमुळे आला ती फेरी कोठेच दिसत नाही.

आता हेच औषध महाड अथवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात दरमहा मिळाले असे धरू. अर्ध्या दिवसाचे काम आणि सोबत एक माणूस. वर्षाला सहा दिवस. अठ्ठेचाळीस आणि सहा यांच्यामध्ये जे बेचाळीस दिवस वाचले, त्यांत एका गरीब घराचे बियाणे, शाळेची फी आणि आजारी माणसाच्या अंगावरचे धड वस्त्र सामावलेले आहे. ‘घर की इस्पितळ’ या प्रश्नात एक तिसरी बाब दडलेली असते आणि ती म्हणजे अंतर. खर्चाचा मोठा भाग ना घरात होतो ना इस्पितळात. तो रस्त्यात होतो.

अंतर तोडले की काय घडते, याचे उदाहरण महाडनेच जगाला दिले आहे. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा येथेच राहून अभ्यास केला आणि प्राझोसिन हे साधे औषध वापरून, पूर्वी शेकडा चाळीसपर्यंत असलेले मृत्यू शेकडा एकाच्या आसपास आणले. मुंबईची मोठी इस्पितळे तेव्हाही होती, पण विंचू चावलेला माणूस तेथवर पोहोचत नव्हता. उपचार रुग्णाजवळ आला तेव्हा माणसे वाचली. मनाच्या आजाराला हाच न्याय लागू पडतो, इतकेच की येथे मृत्यू हळूहळू येतो आणि त्याला पुष्कळदा मृत्यू म्हटले जात नाही.

कायद्याने काय बदलले

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे ठेवणारी कुटुंबे सारीच निष्ठुर होती असे मानणे आम्हांस जमत नाही. स्वस्तात सांभाळतो म्हणणाऱ्याच्या स्वाधीन त्यांनी आपले माणूस केले होते. स्वस्ताई कशातून येते, हे त्या आगीने दाखवले.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. साखळीने बांधण्यास त्याने मनाई केली. दारिद्र्यरेषेखालील व निराधार रुग्णांस सरकारी सेवा विनामूल्य मिळावी, घरच्या पुनर्वसनालाही सेवा मानावे, आणि जिल्ह्यात सरकारी सेवा उपलब्ध नसेल तर तेथेच अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने भरून द्यावा, असे हा कायदा म्हणतो. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, हेही त्यात आहे. हे हक्क कागदावर आहेत. ते मागणारे माणूस दारात उभे राहिले तरच ते कागदावरून उतरतात. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस दूरध्वनीही उपलब्ध आहे.

इस्पितळाच्या बाजूचाही एक हिशेब आहे. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१८-१९ च्या सुमाराच्या पाहणीत सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्षाहून अधिक काळ तेथेच असल्याचे आढळले. यांपैकी कित्येकांचा आजार आटोक्यात आलेला असतो, पण घरचे दार उघडत नाही. याउलट आपल्याच जिल्ह्यात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना दूरदूरच्या घरी पोहोचवते. १९८८ साली सुरू झालेल्या या कार्यासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषध मिळाले आणि कोणी सोबत गेले, तर हरवलेल्या माणसांनाही घर सापडते.

आमच्यानंतर याचे काय?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला एक जुने उत्तर मिळाले आहे. बेल्जियममधील गेल या गावी संत डिम्फ्ना हिच्या मंदिरात मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणले जाई. मंदिराची जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ही प्रथा शतकानुशतके टिकली. १९३८ साली गेलमधील घरांत ३,७०० हून अधिक रुग्ण राहत होते. आज ती संख्या पुष्कळच घटली आहे, परंतु प्रथा मोडलेली नाही. गेलविषयी बोलताना केवळ तेथील दयाबुद्धीची स्तुती होते. तेथे सांभाळणाऱ्या कुटुंबाला मोबदला मिळे, मागे इस्पितळ आणि डॉक्टर उभे असत आणि शेजारघरीही तसाच पाहुणा असे, हे सांगायचे राहून जाते. घराने सांभाळावे आणि गावाने घराला सांभाळावे, अशी ती रचना होती.

शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणाऱ्या, साखळ्या तोडणाऱ्या माणसाची कथा आपण ऐकतो. तो शुद्धीवर आल्यावर प्रभूबरोबर जाऊ इच्छितो, पण प्रभू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवतो. त्या घरात त्याची वाट कोण पाहत होते, त्याला पुन्हा काम कोणी दिले, हे कथेत सांगितलेले नाही. ती बाजू ऐकणाऱ्यांवर सोपवलेली आहे.

घर परवडेल की इस्पितळ, या प्रश्नाचे आमचे उत्तर म्हणून असे आहे. आजार उसळला असता, रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असता, इस्पितळ हवे. तेथे खर्चाचा विचार करू नये आणि लाजही बाळगू नये. आजार आटोक्यात आल्यावर घर हवे, पण एकट्या आईच्या जिवावर चालणारे घर नव्हे. तसे घर स्वस्त दिसते, कारण तिच्या वीस-वीस वर्षांच्या जाग्रणाची किंमत आपण शून्य लिहिलेली असते. ती थकते आणि तिच्या मनात एकच प्रश्न उरतो, ‘आमच्यानंतर याचे काय?’ सरकारच्या वहीत या प्रश्नाला रकाना नाही आणि इस्पितळाच्या वहीतही नाही.

धर्मग्रामाच्या वहीत तो असू शकतो. महिन्याच्या फेरीला सोबत जाणाऱ्यांची पाळी लावता येईल. भाड्याचे पैसे मदतनिधीतून देता येतील. रविवारी दुपारी दोन तास त्या घरी कोणी बसले, तर ती माउली निर्धास्तपणे बाजारात जाऊन येईल. अपंगत्वाचा दाखला, निराधार योजनेचा अर्ज, ग्रामीण रुग्णालयात औषधाची मागणी, यांसाठी लिहितावाचता येणारा एक तरुण बरोबर दिला तरी पुष्कळ आहे. आपल्या वाडीत, आपल्या आळीत असे घर कोणते आहे, हे वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. त्या घरी पुढच्या फेरीची तारीख कोणती, एवढे या आठवड्यात विचारून यावे.